लिफ्ट वर, पण काटा खाली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अकरावीचे वर्ग सुरू झाले की मुलांच्या मोबाइलवर सूत्रांचे तक्ते फिरू लागतात. 'गतीचे नियम' या प्रकरणाच्या तक्त्यात एक ओळ हमखास सापडते: लिफ्ट वर तर जी अधिक ए, खाली तर जी वजा ए. (जी म्हणजे गुरुत्वत्वरण ९.८, ए म्हणजे लिफ्टचे त्वरण, अर्थात वेग बदलण्याचा दर. आलेल्या उत्तराला वस्तुमानाने गुणले की लिफ्टमध्ये जाणवणारे वजन मिळते.) ही ओळ निम्म्या वेळा चुकते. का चुकते ते उमगले, तर बरेचसे प्रकरण उमगते.

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या तीस मजली टॉवरची लिफ्ट घ्या. आत ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे. त्याच्यावर बले दोनच. पृथ्वी त्याला ६० × ९.८ = ५८८ न्यूटनने खाली ओढते आणि काटा त्याला वर रेटतो. या दुसऱ्याला अभिलंब बल म्हणायचे. काट्यावर दिसते ते हेच, ९.८ ने भागून किलोत. लिफ्ट तळमजल्यावरून सुटताना त्वरण वरच्या दिशेने १ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर अभिलंब बल ५८८ + ६० = ६४८ न्यूटन होते आणि काटा ६६ किलो दाखवतो. मधले मजले एकाच वेगाने जातात, तेव्हा काटा ६०. तिसावा मजला जवळ आला की लिफ्ट वरच जात असते, पण वेग कमी होतो, म्हणजे त्वरण खाली. अभिलंब बल ५२८ न्यूटन, काटा ५४. वर जाणाऱ्या एकाच फेरीत तीन उत्तरे, आणि तक्त्यात मात्र एकच! बलाचे नाते त्वरणाशी आहे, लिफ्ट कुठे निघाली आहे याच्याशी नाही. (पडताळून पाहायचे असेल तर स्प्रिंगचा काटा न्यावा, घरातले बरेच डिजिटल काटे पहिला आकडा धरून बसतात.)

म्हणून सूत्राआधी आकृती. वस्तूच्या जागी फक्त ठिपका काढायचा. चाके, ड्रायव्हर काही नको. वस्तू ज्याला ज्याला टेकली आहे ते बल लावू शकते: दोरी ताण देते, जमीन अभिलंब बल आणि घर्षण अशी दोन देते. न टेकता येणारे या गणितांत एकच, गुरुत्वाकर्षण. प्रत्येक बाणाला विचारायचे, 'तुला लावतो कोण?' नाव सांगता आले नाही तर बाण खोडायचा. पुढे जाणाऱ्या गाडीला मुले 'गतीचे बल' जोडतात, ते इथेच गळते. 'एमए'चा बाणही गळतो, कारण वस्तुमान गुणिले त्वरण हे आणखी एक बल नव्हे. ती सगळ्या बलांची बेरीज आहे. मग त्वरणाची दिशा धन धरायची आणि आकडे सर्वांत शेवटी घालायचे.

गुण सर्वाधिक जातात घर्षणात. २० किलोची पेटी, स्थितिक घर्षण गुणांक (वस्तू हलण्याआधीचे कमाल घर्षण भागिले अभिलंब बल) ०.५, ढकलण्याचे बल ४० न्यूटन. विद्यार्थी ०.५ × १९६ = ९८ न्यूटन घर्षण लिहितो, ४० मधून ९८ वजा करतो, २० ने भागतो आणि त्वरण उणे २.९ काढून मोकळा होतो. म्हणजे पेटी ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून येते! ९८ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. ४० ने ढकलले तर घर्षणही ४०च, आणि पेटी जागची हलत नाही.

उतारावर दुसरी गफलत: अभिलंब बल म्हणजे वजनच, असे धरले जाते. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोच्या ठोकळ्याचे वजन ४९ न्यूटन, पण अभिलंब बल ४९ कोसाईन ३० म्हणजे ४२.४. गतिक (घसरतानाचा) घर्षण गुणांक ०.३ असेल तर ठोकळा २.३५ च्या त्वरणाने घसरतो. ४९ धरले तर उत्तर १.९६ येते. साईन कुठे आणि कोसाईन कुठे असा गोंधळ झाला, तर मनात उतार सपाट करून पाहावा. वजनाचा उताराच्या दिशेने घसरवणारा घटक शून्य झाला पाहिजे, आणि शून्य अंशाला शून्य होते ते साईन.

कप्पीचे गणितही असेच. गुळगुळीत टेबलावर ३ किलो, त्याला बांधून कडेच्या कप्पीवरून सोडलेल्या दोरीला लोंबणारे २ किलो. दोरीतला ताण म्हणजे लोंबणाऱ्या वस्तूचे वजन, १९.६ न्यूटन, असे उत्तर सर्रास येते. तो खरोखर तेवढा असता तर लोंबणाऱ्या वस्तूवरची बले समान झाली असती आणि ती खाली सुटलीच नसती. त्वरण १९.६ भागिले दोन्हींचे मिळून वस्तुमान ५, म्हणजे ३.९२, ताण ३ × ३.९२ = ११.७६. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून अंदाजाने ठोकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, पर्यायांत १९.६ बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो.

वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर मीटर प्रति सेकंद करण्यासाठी ३.६ ने भागायला विसरू नये, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या विद्यार्थी पुरवणीला विनंती एवढीच, की सोडवलेली उदाहरणे बलांच्या आकृतीसह छापावीत. जागा अपुरी पडत असेल तर एखादे उदाहरण कमी करावे, आणि लिफ्टची ती ओळ छापायचीच झाली तर 'वर' आणि 'खाली' या शब्दांपुढे 'त्वरण' लिहावे.

– भौतिकशास्त्राची एक शिक्षिका, ठाणे (प.)