तक्रार: लेखी आश्वासन देऊनही तुमच्या ॲम्युझमेंट पार्कमध्ये माझ्या स्वमग्न मुलाला सोय नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला मी पाचवा फोन केला. २२ मिनिटं चालला, त्यातली १७ मिनिटं तुमच्या पार्कची जाहिरात ऐकण्यात गेली. शेवटी फोनवर आलेल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, चारही रिस्टबँड गेटवर स्कॅन झालेत. म्हणजे सिस्टिमप्रमाणे तुम्ही सेवा घेतलेली आहे." म्हणून आता हे लेखी देते आहे.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गर्दीत धक्के लागले, मोठा आवाज थांबेचना, की त्याला ते सोसत नाही. कान दाबून खाली बसतो, फार झालं तर स्वतःचं मनगट चावतो. हे ठाऊक होतं म्हणूनच तिकिटं काढण्याआधी मी तुम्हाला ईमेल केला होता. दोनच गोष्टी विचारल्या होत्या: रांगेत न थांबता त्याला बाजूला बसवता येईल का, आणि त्याचा डबा आत आणता येईल का. काउंटरवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) दाखवा, दोन्ही बाबतींत सहकार्य मिळेल, असं तुमचं उत्तर माझ्याकडे आहे. त्याच्या भरवशावर आम्ही पैसे भरले.

पंधरा दिवस आम्ही त्याची तयारी करून घेत होतो. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली होती: गाडी, गेट, पार्कमधली ट्रेन, डबा, घर. एकेक गोष्ट झाली की तो ते चित्र ओढून काढतो आणि पुढच्यावर बोट ठेवतो. पुढे काय होणार हे कळलं की तो शांत राहतो. ट्रेनचं चित्र त्याने रोज इतक्यांदा हाताळलं की त्याचे कोपरे मऊ पडले होते.

गेटवर पहिल्यांदा डबा काढून घेतला. आत वरणभात आणि काकडी होती. तो बाहेरचं काही खातच नाही. तो हट्ट करत नाही, वेगळ्या चवीचा, वेगळ्या स्पर्शाचा घास त्याच्या तोंडात राहत नाही. ईमेल दाखवला. "तान्ह्या बाळाचं खाणं चालतं, हे नाही चालत." डबा लॉकरमध्ये, आणि लॉकरचं भाडं आमच्याकडून.

मग काउंटर. तिथे जे झालं ते मी शब्दन् शब्द लिहिते आहे, कारण पाच फोनमध्ये एकानेही ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही.

काउंटरवरच्या मुलाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग माझ्या मुलाकडे पाहिलं. "पण हा तर चालतोय." मी म्हटलं, स्वमग्नता पायात नसते. "सोय फक्त व्हीलचेअरवाल्यांना आहे, मॅडम." त्याने सुपरवायझरना बोलावलं. त्यांनी कार्डावरचा दिव्यांगत्वाचा आकडा वाचला आणि म्हणाले, "६५ टक्के. म्हणजे ३५ टक्के ठीक आहे ना? राहील की उभा थोडा वेळ."

माझ्या नवऱ्याने शांतपणे सांगितलं, की कायद्याने ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर लक्षणीय दिव्यांगत्व धरतात. त्यावर उत्तर आलं, "मग उद्या सगळेच कार्ड घेऊन येतील. रांग टाळायची असेल तर फास्ट पास घ्या." म्हणजे रांगेवाचून आत जायचं दार तुमच्याकडे आहेच, ते फक्त जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी उघडतं. माझी मोठी मुलगी म्हणाली, "काका, मी आणि बाबा रांगेत थांबतो, नंबर आला की याला आणतो." तेही नाही. मध्ये कुणाला घेता येत नाही.

आणि मग ते म्हणाले, "अशा मुलांना गर्दीच्या ठिकाणी आणताच कशाला? त्याला काही कळतंय का? उगीच त्याचेही हाल."

माझा मुलगा तिथेच उभा होता. तो फारसा बोलत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं. त्याने खिशातून ट्रेनचं चित्र काढून काउंटरवर ठेवलं. त्याचं मागणं एवढंच होतं. तुमच्या सुपरवायझरनी ते एका बोटाने बाजूला सारलं.

आम्ही तरीही रांगेत उभे राहिलो. स्पीकरच्या अगदी खाली. ५० मिनिटांनी त्याने मनगट चावलं, रक्त आलं. लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. तुमचा माणूस आला तो रांग मोकळी करायला. आम्ही सव्वा वाजता बाहेर पडलो, एकही राइड न घेता. तो उपाशी होता, कारण डबा तुमच्या लॉकरमध्ये होता.

रोलरकोस्टरला उंचीची आणि पट्ट्याची अट असते, ती आम्ही कधी मोडायला सांगितली नाही. सुरक्षेचे नियम मला मान्य आहेत. पण रांगेबाहेर थांबून ठरल्या वेळी परत यायची सोय डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कमध्ये २०१३ पासून आहे. तुमच्या धंद्यातल्या माणसांना हे मी सांगायला नको.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि स्वमग्नता त्यांत नावानिशी आहे. करमणुकीत सहभागी होण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका विशेष मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने) त्या विमान कंपनीला ५ लाखांचा दंड केला होता. तुम्हीही ते वाचलं असेल.

भरपाई म्हणून तुम्ही मला पुढच्या भेटीवर २० टक्के सवलतीचं कूपन पाठवलंत. ते मी वापरणार नाही. मला चारही तिकिटांचे आणि लॉकरचे पूर्ण पैसे परत हवेत. त्या सुपरवायझरच्या वागण्याबद्दल लेखी माफी हवी, माझ्या नावाने नको, माझ्या मुलाच्या नावाने. आणि न दिसणारं दिव्यांगत्व असलेल्यांसाठी काय सोय आहे, डब्याचं काय, हे तिकिटाच्या पानावर स्पष्ट छापलेलं हवं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आईला गेटवर ईमेल दाखवत उभं राहावं लागणार नाही.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर तुमचं ते ईमेल, कार्डाची प्रत आणि पावत्या जोडून मी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात मला ग्राहक आयोगाकडे जाता येतं, तिथेही जाईन.

ट्रेनचं चित्र परत पुठ्ठ्यावर आहे, ते त्याने अजून ओढून काढलेलं नाही. रोज सकाळी त्यावर बोट ठेवतो आणि माझ्याकडे बघतो.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका.

एक आई