सूचना : स्वस्त जेम्स आणि गोल्ड पास बाहेरून घेऊ नका

मंडळी, ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ गेममधल्या आपल्या क्लॅनमधल्या (टीममधल्या) सगळ्यांसाठी. जेम्स म्हणजे गेममधलं पैशाने मिळणारं चलन, गोल्ड पास म्हणजे जादा बक्षिसांचा विकतचा पास.

परवा आपल्यातल्या एकाने टेलिग्रामवरच्या कुणाकडून निम्म्या किमतीत जेम्स घेतले. त्या माणसाने आधी ईमेल मागितला, मग सुपरसेल आयडीचा (गेम बनवणाऱ्या सुपरसेल कंपनीच्या लॉगिनचा) सहा आकडी कोड. यानेही दिला! जेम्स लगेच आले, दोन बिल्डर कामालाही लागले. आठवड्याने पाहतो तर जेम्सच्या जागी उणे आकडा.

यात जादू काही नाही. असा माल बरेचदा चोरीच्या कार्डावर घेतलेला असतो, नाहीतर विकणाराच मागाहून दुकानाकडून पैसे परत मागतो. रिफंड झाला की सुपरसेल जेम्स काढून घेते. तुम्ही खर्च करून बसला असाल तर खातं उण्यात जातं. अशी खरेदी नियमात बसत नाही, खातं कायमचं बंदही होऊ शकतं. टाउन हॉल, हिरो, इतक्या वर्षांच्या भिंती, सगळं जातं. अकाउंट विकणं-घेणं यालाही तोच नियम, तेव्हा ‘जुना बेस विकायचाय’ असले मेसेज इथे टाकू नका. टाकलेत तर मी काढणार.

कोड कुणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही. काही घ्यायचं तर गेममधूनच किंवा सुपरसेलच्या स्वतःच्या स्टोअरवरून.

कुणी आधीच घेतलं असेल तर १ तारखेच्या आत मला खासगीत सांगा, रागावणार नाही. क्लॅन वॉर लीगमध्ये (क्लॅनांच्या आपसातल्या स्पर्धेत) आपण मोजून १५ आहोत, प्रत्येकाला रोज एकच हल्ला. एक खातं अडकलं की रोजचा एक हल्ला गेला.

– लीडर