व्हर्जिनियातल्या वुडब्रिजहून आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. डबा घरून नेते, तब्येत छान आहे, तेव्हा तो विषय संपला. बारक्याने तुम्हाला काहीतरी व्हिडिओ दाखवून घाबरवलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. त्याच्याकडून छापून घ्या, बाबांनी मोबाइलवर डोळे ताणू नयेत.

पहिलं म्हणजे, तो बर्फात अडकलेल्या गाड्यांचा व्हिडिओ जानेवारी 2022 चा आहे. तेव्हा मी रोज जाते त्याच आय-95 महामार्गावर लोक चोवीस तासांहून जास्त अडकले होते, इथले सिनेटर टिम केनसुद्धा 27 तास. ते वादळ होतं. रोज तसं होत नाही. रोज नुसती गर्दी असते. वुडब्रिज ते वॉशिंग्टनजवळचं पेंटॅगॉन जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, पण सकाळी ऑकोक्वान नदीच्या पुलाजवळ गाड्या गोगलगायीसारख्या सरकतात. आयोवात रस्ते मोकळे होते, मान्य. पण नोकरी इथे आहे.

आता आईचा प्रश्न. हो, मी अनोळखी माणसाच्या गाडीत बसून जाते. आधी पूर्ण वाच, मग रागव.

रस्त्याच्या मधोमध वेगळ्या मार्गिका आहेत. सकाळी त्या वॉशिंग्टनकडे चालतात, नंतर फाटकं बंद करून त्यांची दिशाच उलटी करतात. गाडीत तिघं असतील तर तिथून फुकट जाता येतं. कमी असतील तर टोल, आणि तो गर्दी वाढेल तसा वाढतो, वाईट दिवशी तीस डॉलरच्याही वर जातो. म्हणून गाडीवाल्यालाच माणसं हवी असतात. हॉर्नर रोडच्या मोठ्या पार्किंगमध्ये आपण आपली गाडी लावायची आणि रांगेत उभं राहायचं. गाडी येते, काच खाली होते, तो ‘पेंटॅगॉन’ म्हणतो, पुढचे दोघं बसतात. झालं. पैसे द्यायचे नाहीत, विचारायचेही नाहीत. रेडिओ त्याच्या आवडीचा. खायचं नाही, आणि तो बोलला नाही तर आपणही बोलायचं नाही. म्हणजे वडापच म्हणा, फक्त भाडं नाही, कुणी कुणाच्या मांडीवर बसत नाही आणि ड्रायव्हरला पाणीपुरवठ्यापासून आमदारापर्यंत सगळ्यावर मत नसतं. सरकारने ठरवलेलं नाही हे. 1970 च्या दशकापासून लोकांनी आपापसात चालवलंय. आणि आई, एक नियम तुझ्यासाठी: रांगेत बाई एकटी उरत असेल तर तिला मागे सोडून कुणी जात नाही. संध्याकाळी उशीर झाला तर ओम्नीराइडची बस असते.

बाबा, तुम्ही एम-80 वर उंब्रजपर्यंत कुणालाही मागे बसवायचात. तेव्हा आईने काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

फोनचं मात्र खरं आहे. आयोवात गाडीत मी एकटी असायचे, स्पीकरवर तुमच्याशी बोलत जायचे, तेव्हा तुमच्याकडे दिवेलागण झालेली असायची. आता दुसऱ्याच्या गाडीत फोनवर गप्पा मारणं बरं दिसत नाही, आणि दिवेलागणीच्या वेळी मी ऑफिसात असते. त्यामुळे रविवारीच बोलू, पण भरपूर. मी टाळते असं मावशीला सांगू नकोस.

मावशीवरून आठवलं. न्यू जर्सीच्या मुलाचा फोटो पाहिला. दिसायला चांगला आहे. न्यू जर्सी इथून कराड-पुण्याइतकं जवळ नाही, हे तिला सांगा. माझा नंबर इतक्यात देऊ नका. बारक्याचं होऊ दे आधी.

बारक्याच्या लग्नाला येईन, पण आठवडाभरच. नवीन नोकरी, सुट्टी साठलेली नाही. हळदीपर्यंत पोचते. बांगड्या भरायला आणि देवकाला मी नसेन, आत्याला सांगून ठेव, तिने माझ्या जागी उभं राहावं. हॉलचे पैसे बाबांच्या खात्यात जमा झाले असतील. ‘तुझं तुला ठेव’ म्हणून परत पाठवू नका. टोल वाचतो माझा. त्यातूनच मोतीबिंदूचंही करून टाका, लग्नानंतर बघू असं म्हणू नका, फोटोत चष्मा नको.

आजीला नमस्कार. तिला अनोळखी गाडीचं वाचून दाखवू नका.

तुमची,
सोनू