अर्ध्या चोकवर दोन वर्षं: मिस्त्रीकाकांना पत्र

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुम्ही हसणार. “एकोणीसशे रुपयांच्या कामाला पत्र कशाला, ताई?” म्हणाल. पण त्या दिवशी बोनेट खाली आपटून तुम्ही लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरलात, मला धड ‘थँक्यू’ही म्हणता आलं नाही.

माझी गाडी 2008 सालची. रोजचं वाई–सातारा, जाऊन-येऊन 70 किलोमीटर. पूर्वी 16 चं ॲव्हरेज द्यायची, मग टाकी कधी संपली ते कळेना. आधीच्या दोन गॅरेजांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर धुतले. एकाने ऑक्सिजन सेन्सर गळ्यात मारला, साडेचार हजारांचा. फरक शून्य. वर “पुढच्या वेळी साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” साहेबांना आजवर स्टेपनी कुठे असते ते ठाऊक नाही!

तुम्ही बोनेट उघडलंच नाही. “टाकी फुल करा, पहिल्या कटला नोझल थांबलं की बास, वरून कोंबायचं नाही. ट्रिप मीटर झिरो करा. चार दिवस चालवा, त्याच पंपावर परत फुल करा, मग या.” मला वाटलं, टाळताय. पण केलं. 268 किलोमीटर, 24.1 लिटर. म्हणजे 11 च्या जरा वर.

मी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फोडलं. सगळेच फोडतात. तुम्ही पावतीच्या मागे पेन्सिलीने गणित मांडलंत: इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे ताकद साधारण एक तृतीयांश कमी, ते मिसळलेलं 20 टक्के, म्हणजे घट सहा-सात टक्के. “16 चे 15 होतील. 11 कसे होतील?” ती पावती अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

आणि मग तो प्रश्न, जो मला कुणीच विचारला नव्हता. “पसरणी घाट चढताना टेंपरेचरचा काटा कुठं असतो?” अर्ध्यावर येतो. “आणि पाचवडच्या पुढं हायवेला?” पडतो, पार खाली. मला तर ते चांगलं लक्षण वाटायचं, इंजिन थंड राहतंय म्हणून. तुम्ही गाडी रात्रभर ठेवून घेतलीत. सकाळी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपावर माझा हात ठेवलात. पाइप काही मिनिटं गारच राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. माझा पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला.

खोललं, तर आत थर्मोस्टॅटच नाही, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडपच गायब! दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी गरम झाली होती, तेव्हा कुणीतरी तो काढून फेकला होता. मला न सांगता. “आपल्याकडच्या उन्हात लागत नाही,” हा त्यांचा आवडता सिद्धांत, असं तुम्ही म्हणालात, आणि पुढे जे म्हणालात ते इथे लिहीत नाही. इंजिन पुरतं तापतच नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर त्याला गार समजून जादा पेट्रोल पाजत होता. “जुन्या गाडीचा चोक आठवतो, गार इंजिन चालू करताना ओढायचो तो? तुमची दोन वर्षं अर्धा चोक ओढून पळतेय.”

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तुम्ही शेजारच्या चहावाल्याचं पातेलं उचलून आणलंत, पाण्यात तो बुडवला आणि स्टोव्ह पेटवला. त्याच्यावर 82 कोरलेलं, म्हणजे 82 अंशांना उघडायला लागणार. पाण्याला कढ यायला लागला आणि ती पितळी चकती आपोआप, सावकाश वर उचलली गेली. गार पाण्यात टाकल्यावर परत मिटली. मी ते तीनदा करायला लावलं, तुम्ही केलंत.

डाव्या पुढच्या चाकाचंही तसंच. तुम्ही चक्कर मारून आलात, चारही रिमांना हात लावलात आणि त्या चाकापाशी हात झटकलात. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या चिमट्याच्या, पिना गंजून चिकटलेल्या, ब्रेक सुटतच नव्हता. जॅकवर घेऊन हाताने फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबायचं. पिना साफ करून ग्रीस लावल्यावर बोटाने ढकललं तरी गरगर फिरलं. टायरमधली हवा तर 22 पर्यंत उतरली होती, तो माझाच आळस.

आता हिशेब ऐका: 301 किलोमीटर, 18.6 लिटर. 16 च्या वर! महिन्याला जवळपास 50 लिटर पेट्रोल वाचतंय, म्हणजे पाच हजारांच्या वर. काटा घाटात असो की हायवेला, मध्यावर चिकटलेला. ऑफिसला जाताना मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघते, हे यांना सांगू नका.

पत्रासोबत स्टीलचं पातेलं पाठवलं आहे. ते चहावाल्याला द्या. कूलंटचा वास गेला नाही म्हणून परवा तो माझ्याकडेच तक्रार करत होता.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई