फोटो छापा, पण पाळीही लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत आपल्या दैनिकात चादरी, धान्य, वह्या वाटल्याची छायाचित्रे बरीच आली, आणि त्यावर वाचकांची पत्रेही. एकाचे म्हणणे, दान करताना फोटो काढूच नये. दुसऱ्याचे म्हणणे, फोटो पाहूनच आणखी चार जणांना वाटावेसे वाटते. मी वास्कोतल्या एका लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, उपासना मराठीतून, आणि माणसे बहुतेक बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्गाकडून पोटापाण्यासाठी आलेली. त्यामुळे या वादात मलाही दोन शब्द बोलावेसे वाटतात.

फोटोबद्दल माझे फारसे काही म्हणणे नाही. थंडीत चादर मिळालेल्या माणसाला ती फोटोसकट मिळाली की फोटोविना, याने ऊब कमीजास्त होत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही येशूची शिकवण मला ठाऊक आहे, पण ती देणाऱ्यासाठी आहे, वृत्तपत्राच्या छायाचित्रकारासाठी नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबरात सगळे येतात. जुलैत कोण येते? वास्कोतल्या सडा भागातून आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या माणसाला पावसात बसस्टॉपपर्यंत कोण नेते?

पाळक म्हणजे रविवारी उपदेश करणारा, अशी लोकांची समजूत असते. रविवारचा उपदेश हा माझ्या कामातला सर्वांत सोपा भाग. बाकीचा आठवडा रांगेत जातो. वृद्ध-निराधारांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २,००० रुपये ज्यांच्या घरात औषधाला आणि तांदळाला पुरवून खायचे असतात, त्यांना हयातीचा दाखला वेळेत दिला नाही की पैसे थांबतात. आयुष्यभर मासळी साफ केलेल्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. ती घाबरून घरी परत येते आणि कुणाला सांगतही नाही. तिला पुन्हा घेऊन जायचे, साहेबाशी नीट बोलायचे, दुसरा मार्ग काय आहे तो विचारायचा. उपचाराचा खर्च भागवणाऱ्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड हवे तर गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. मांगोर हिलवर दहा वर्षे राहिलेल्या गवंड्याकडे भाड्याच्या खोलीचा एक कागद नसतो, कारण मालकाला कागद करायचा नसतो. अशा वेळी प्रार्थना करतोच, पण त्याआधी त्याच्या मुलांच्या शाळेचे दाखले आणि जुनी वीजबिले शोधायला बसतो.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात. बांबोळीच्या त्या इमारतींत गोव्याइतकीच दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडची माणसेही भेटतात. २०१८च्या सुरुवातीपासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा किती गदारोळ झाला ते आपल्या वाचकांना आठवत असेल. धोरणाबद्दल मी बोलत नाही, सरकारचीही बाजू असेल. मला दिसतो तो वॉर्डाबाहेरचा माणूस. रुग्णाजवळ एक जण लागतो. नवरा रोजंदारीवर, एक दिवस बुडाला तर चूल बुडते. बायको आजारी, सोबतीला तिची सासू, आणि सासूला रक्तपेढी कुठे, एक्स-रे कुठल्या मजल्यावर, काहीच कळत नाही. डॉक्टर घाईत असतात, त्यांना दोष देत नाही, एकेकाच्या मागे किती रुग्ण असतात ते पाहिले आहे. पण तिथे कुणीतरी मराठीतून शांतपणे सांगणारा हवा, की आई, घाबरू नका, ही चिठ्ठी खाली दाखवायची, मी येतो बरोबर. रात्रभर जागायला दुसरे माणूस हवे म्हणजे त्या सासूला चार तास पाठ टेकता येईल. याला पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि आज आपल्याकडे सगळ्यांत महाग तोच आहे.

आमच्या मंडळीतला एक तरुण मला म्हणाला, पाळकसाहेब, तुम्ही उपदेश कमी आणि अर्ज जास्त करता, यात देव कुठे आला? प्रश्न मला आवडला. त्याला मी येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचायला सांगितली. वाटेत लुटलेल्या, अर्धमेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात, परका शोमरोनी थांबतो, जखमांवर तेल-द्राक्षारस घालतो, आपल्या जनावरावर बसवून नेतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते, मुलांच्या नाटकातही इथेच टाळ्या पडतात. पुढचे कुणी लक्षात ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आणि सांगतो, आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. मला त्या गोष्टीत हे परत येणे सगळ्यांत मोठे वाटते. पहिल्या दिवशी कळवळा कुणालाही येतो. तो मालकही विसरू नका. अनोळखी जखमी माणसाला त्याने खोली दिली, सेवा केली, उधारीवर विश्वास ठेवला, आणि त्याच्याविषयी मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

आमच्या शेजारचे सांकवाळ गाव संत जोझे वाझ यांचे, म्हणजे त्यांच्या वडिलांचे. जन्म बाणावलीचा, १६५१ सालचा. कॅथलिक संतावर प्रॉटेस्टंट पाळकाने लिहावे हे आमच्यातल्या काहींना रुचणार नाही, पण गोव्यात राहून या माणसाकडे पाठ फिरवता येत नाही. १६८७ साली ते वेश पालटून श्रीलंकेत उतरले, कारण तिथे डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. (हे डच आमच्याच प्रॉटेस्टंट घराण्यातले. इतिहास वाचताना मान खाली घालावी लागते, ती अशी.) १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. धडधाकट माणसे शहर सोडून गेली, वाझ थांबले. रिकाम्या घरांत रुग्ण ठेवले, त्यांना धुतले-पुसले, मेलेल्यांना मूठमाती दिली. रुग्णांत बौद्ध होते, ख्रिस्ती होते, त्यांनी निवड केली नाही. १७११ मध्ये ते कँडीतच वारले, आणि संतपद मिळाले १४ जानेवारी २०१५ रोजी, तीनशे वर्षांनी. अशा कामाचा फोटो त्या वेळी कुठे छापून आला असता?

आता तो प्रश्न, जो तोंडावर कुणी विचारत नाही पण डोळ्यांत दिसतो. ख्रिस्ती माणूस इस्पितळात मदतीला आला की मनात पाल चुकचुकते, हा धर्म तर बदलायला आला नाही ना? या संशयाचा मला राग येत नाही. गोव्याचा इतिहास पाहता तो अगदी आकाशातून पडलेला नाही. म्हणून आमच्या मंडळीत काही नेम ठरवले आहेत. वॉर्डात जाताना पवित्र शास्त्र पिशवीतच राहते. रुग्णाने मागितल्याशिवाय प्रार्थना नाही. मदत केलेल्याचे नाव मंडळीच्या कुठल्याही वहीत जात नाही, आणि त्याला रविवारी उपासनेला बोलावायचे नाही, निदान त्या आजारपणात तरी नाही. संकटात सापडलेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो. काही बंधूंना हे पटत नाही, सुवार्ता लपवायची का, असे विचारतात. माझे उत्तर असे, की अडलेल्याकडून किंमत घेऊन दिलेली सुवार्ता मला येशूच्या तोंडी ऐकू येत नाही.

माझ्या लेखी या शहरात रोज दारोदार खरी भेट देणारा माणूस म्हणजे पोदेर, पाव विकणारा. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत तो दारोदार जातो. बायण्यात एका म्हाताऱ्या बाईचे दार त्याला दोन दिवस उघडलेले दिसले नाही, कालची पावाची पिशवी तशीच लटकलेली. त्याने शेजाऱ्यांना उठवले. बाई न्हाणीत पडली होती, १०८ रुग्णवाहिका बोलावली, जीव वाचला. तिची मुले आखाती देशात, फोन रविवारी येतो. ती ना माझ्या मंडळीतली ना पोदेराच्या धर्माची. त्यानंतर आम्ही आमच्या मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्यांची यादी केली आणि माणसे वाटून घेतली.

आणि इथे मला वास्कोच्या सप्ताहाकडून शिकायला मिळाले, हे जाहीरपणे सांगतो. साथीच्या काळात जांबावलीच्या दामोदराचा नारळ वास्कोत आणून हा सप्ताह सुरू झाला, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. शंभराहून जास्त वर्षे श्रावणात अहोरात्र भजन चालते, आणि ते चोवीस तासांत कुठेही तुटत नाही. का तुटत नाही? कारण पाळ्या लावलेल्या असतात. रात्री तीनची पाळी कुणालाच नको असते, तरी कुणीतरी टाळ घेऊन हजर असतो. एका नावाजलेल्या गायकावर सप्ताह चालत नाही. मी बाहेर उभा राहून ऐकतो, आणि मनात येते, की हीच पद्धत गोमेकॉच्या वॉर्डाबाहेर का नको? भजनी मंडळे, चर्चचे लहान समुदाय, मशिदीतले तरुण, आमच्यासारख्या छोट्या मंडळ्या, प्रत्येकाने आठवड्यातली एक रात्र घेतली तरी पुष्कळ होईल. इस्पितळाची परवानगी, ओळखपत्र, कुणी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे सगळे अधिकाऱ्यांशी बसून ठरवावे लागेल. ते सोपे नाही, पण सप्ताहाचे नियोजन त्याहून अवघड असते.

आपल्याला एवढीच विनंती, की वाटपाचे फोटो छापत राहा, पण त्याच पानावर आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा ठेवा. हयातीच्या दाखल्याची मुदत, योजनांच्या कार्डांचे नूतनीकरण, रक्तदान शिबिरांची ठिकाणे, बांबोळीला रात्री सोबत हवी असणाऱ्यांनी कुणाला विचारावे. पहिल्या महिन्याची माहिती गोळा करून मराठीत लिहून देण्याचे काम आमची मंडळी करील, तपासून घेण्याचे आपल्या वार्ताहरांनी करावे.

कळावे, लोभ असावा.
आपला एक वाचक, पाळक, वास्को