आभाळ निरभ्र, तरी घळीत पूर

मा. संपादक,

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅनियनला एका दिवसाच्या सहलीला जाणाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे : डोक्यावर ऊन असतानाही घळीत लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पाऊस कित्येक किलोमीटर लांब झाला आणि कॅनियनच्या वरची व खालची अशा दोन घळींपैकी खालच्या घळीत ११ पर्यटक बुडाले. उघड्या खडकात पाणी फारसे मुरत नाही, ते थेट अरुंद फटीत घुसते. म्हणून वाटाड्याने फेरी रद्द केली तर कृपया हुज्जत घालू नये. जागा नावाहो या मूळ अमेरिकी आदिवासी लोकांची, वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. गुडघे दुखत असतील तर वरची घळ निवडावी. खालच्या घळीत उभ्या लोखंडी शिड्या आहेत. जवळच्याच हॉर्सशू बेंडची (कोलोरॅडो नदीचे वळण वरून दिसते ती जागा) जाऊन-येऊन सुमारे अडीच किलोमीटरची वाट उन्हातली, पाणी सोबत हवेच.

– एक वाचक