पाचट कुट्टीचे यंत्र तोडीमागोमाग हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात शेजारच्या रानात ऊसतोडीनंतर उरलेले पाचट (उसाचा वाळका पाला) पेटवले आणि वाऱ्याने आग बांध ओलांडून माझ्याकडे आली. खोडव्याचे (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाचे) कोवळे फुटवे करपले, ठिबकच्या नळ्या वितळल्या. भांडायला गेलो नाही. 3 वर्षांपूर्वीपर्यंत मीही पेटवतच होतो.

‘अडाणी आहेत, म्हणून जाळतात’ असे म्हणणाऱ्यांना सांगायचे आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, त्यात अर्धा टक्का नत्र, म्हणजे 40-50 किलो. हा हिशेब आमच्या चहाच्या टपरीवरही कुणी सांगेल. जाळल्यावर पालाश बराचसा राखेत उरतो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब मात्र धुरात जातो. हे ठाऊक असूनही काडी ओढली जाते, कारण ऊसतोडीची टोळी निघून गेली की सरीत गुडघाभर पाचट असते. पाणी पुढे सरकत नाही. रात्रीच्या विजेवर, सापाची धास्ती घेऊन, त्यात दारे धरायला (सरीसरीत पाणी वळवायला) उतरणार कोण? पाचटाचे बारीक तुकडे करणाऱ्या, ट्रॅक्टरवरच्या कुट्टी यंत्राने काम होते, पण साऱ्या गावाची तोड एकदम आणि यंत्रे दोनच. नंबर लागेपर्यंत खोडवा फुटून वर येतो, मग यंत्र घालता येत नाही.

साखर कारखान्यात बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) वीज होते, मळीपासून अल्कोहोल, प्रेसमडचे (रस गाळून उरलेल्या गाळाचे) खत. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडेही वैरणीला विकले जातात. बेवारस राहते ते पाचट. उभा ऊस जळाला तर बिलात कपात होते. तोडीनंतर रान पेटवले तर कुणी विचारत नाही.

कोणत्या रानात टोळी कधी जाणार, हे कारखान्याच्या शेती विभागाला आधीच माहीत असते. त्याच यादीप्रमाणे मागोमाग कुट्टी यंत्र पाठवावे आणि भाडे ऊसबिलातून कापावे. कुट्टीवर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले की ते सरीतच कुजते. माझ्या 2 एकरांत खुरपणीचा खर्च निम्म्यावर आला. पहिले पाणी द्यायला त्रास होतो, खोटे कशाला सांगू.

पुढच्या हंगामाचे तोडणी-वाहतूक करार होण्याआधी कारखान्यांनी यंत्रांची सोय करावी, एवढीच मागणी.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. पलूस, जि. सांगली